कुठला देश इनोव्हेशनचे पैसे करतो आणि कुठला नुसताच पेपर छापतो, हे मोजायचं कसं

ग्लोबल इनोव्हेशन इंडेक्सची नवी यादी आली की दरवर्षी तीच चर्चा होते, अमुक देश दोन नंबर वर गेला, तमुक घसरला, आणि पहिला कोण तर स्वित्झर्लंड, तो २०११ पासून जागचा हललेला नाही. यादी वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण ती ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो आपला प्रश्नच नाहीये. त्या इंडेक्समध्ये ऐंशीच्या आसपास आकडे असतात, अर्धा भार इनपुटला म्हणजे संस्था, शिक्षण, इन्फ्रास्ट्रक्चर, बाजार असल्या गोष्टींना आणि अर्धा आउटपुटला, आणि दोन्हीची सरासरी काढून रँक देतात. म्हणजे एखाद्या देशानं भरपूर पैसा ओतला आणि हाती फारसं काही लागलं नाही तरी तो वर दिसू शकतो. आपल्याला बघायचंय ते वेगळं: संशोधनावर घातलेल्या पैशातून त्या देशाच्या लोकांच्या पदरात नेमकं काय पडलं?

हे घरबसल्या, साध्या स्प्रेडशीटमध्ये करता येतं. सगळा डेटा फुकट मिळतो. वेळ जातो तो आकडे गोळा करण्यात नाही, कुठला आकडा खोटं बोलतोय हे ओळखण्यात जातो, म्हणून खाली त्याच भागावर जास्त लिहिलंय.

पायरी १: फायदा म्हणजे कोणाचा, हे आधी लिहून काढा

खरंच लिहा, शीटच्या पहिल्या ओळीत. कारण "आर्थिक फायदा" या शब्दात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एक, कंपन्यांना मिळणारा नफा आणि रॉयल्टी. दोन, देशाची उत्पादकता वाढून पगार आणि उत्पन्न वाढणं. तीन, ग्राहकाला स्वस्त किंवा चांगली वस्तू मिळणं, जे बऱ्याचदा कुठल्याच हिशोबात येत नाही. आणि हे तिसरं प्रकरण लहान नाहीये बरं का. अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउसनं २००४ मध्ये अमेरिकेच्या १९४८ ते २००१ च्या डेटावरून हिशोब मांडला तेव्हा नवीन तंत्रज्ञानातून समाजाला जो एकूण फायदा होतो त्यातला जेमतेम २.२ टक्के भाग शोध लावणाऱ्या कंपन्यांच्या हाती राहतो असं निघालं, बाकीचा बहुतेक ग्राहकांकडे जातो. म्हणजे तुम्ही फक्त कंपन्यांचे नफे मोजले तर हत्तीचं शेपूट धरून बसल्यासारखं होईल.

बहुतेकांसाठी दुसरा अर्थ, म्हणजे उत्पादकता आणि उत्पन्न, हाच मुख्य ठेवावा असं माझं मत आहे आणि पहिला बाजूला वेगळ्या कॉलममध्ये. दोन्ही एकत्र कालवू नका.

पायरी २: कोणाची तुलना कोणाशी

सिंगापूर आणि ब्राझील एका रांगेत उभे करण्यात काही अर्थ नाही. साधारण सारख्या उत्पन्नाचे, शक्यतो सारख्या आकाराचे देश घ्या, आणि ज्यांची निम्मी अर्थव्यवस्था तेलावर चालते त्यांना वेगळं ठेवा कारण तेलाचा भाव वाढला की त्यांचे सगळेच आकडे उगाच सुंदर दिसतात. वीस-पंचवीस देश पुरेत. फार कमी घेतले तर पुढच्या पायरीत अडचण येते, ते तिथं सांगतो.

पायरी ३: घातलेला पैसा

इनपुटसाठी सगळ्यात वापरात असलेला आकडा म्हणजे जीडीपीच्या किती टक्के पैसा आर अँड डीवर, म्हणजे संशोधन आणि विकासावर गेला. याची व्याख्या सगळे देश ओईसीडीच्या (ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) फ्रास्काटी मॅन्युअलवरून घेतात, म्हणजे हा खर्च कसा मोजायचा याच्या नियमपुस्तिकेवरून, ते १९६३ पासून आहे आणि सध्याची आवृत्ती २०१५ ची, त्यामुळं हा आकडा बऱ्यापैकी तुलना करण्यासारखा असतो. इस्रायल ६ टक्क्यांच्या वर, दक्षिण कोरिया ५ च्या आसपास, जपान आणि अमेरिका साडेतीनच्या आगेमागे, चीन अडीचच्या वर. वर्ल्ड बँक, युनेस्को आणि ओईसीडी तिघांकडेही हा डेटा मिळतो.

पण इथं थांबू नका, दोन गोष्टी करा.

पहिली, पैसा कोणी दिला ते बघा. इस्रायलच्या त्या भल्यामोठ्या आकड्यातला साधारण निम्मा पैसा परदेशातून येतो, म्हणजे मल्टिनॅशनल कंपन्यांनी तिथं उघडलेल्या लॅबचा. काम इस्रायलमध्ये, पगार इस्रायलमध्ये, पण त्यातून निघालेल्या शोधाची मालकी बऱ्याचदा बाहेर. मोबिलआयचंच घ्या, गाड्यांना कॅमेऱ्यातून रस्ता ओळखायला लावणारं तंत्रज्ञान बनवणारी, १९९९ मध्ये जेरुसलेममध्ये सुरू झालेली कंपनी, २०१७ मध्ये इंटेलनं ती १५ अब्ज डॉलरच्या आसपास किमतीला घेतली. विकणाऱ्यांना पैसे मिळाले, सरकारला कर मिळाला, इंजिनियर तिथंच राहिले, पण त्यानंतरच्या नफ्यातला मोठा वाटा कुठं जाणार हे उघड आहे. हा तोटाच आहे असं नाही, पण तुमच्या शीटमध्ये "परदेशी पैशाचा वाटा" असा एक कॉलम हवा.

दुसरी, एका वर्षाचा खर्च न घेता साठा काढा. आज केलेलं संशोधन आज संपत नाही, ते साचत जातं आणि हळूहळू जुनंही होतं. साठ्याचं गणित सोपं आहे: मागच्या वर्षीचा साठा, त्यातून झीज वजा, त्यात या वर्षीचा खर्च. झीज सहसा १५ टक्के धरतात. सुरुवातीचा साठा कुठून आणायचा तर पहिल्या वर्षीचा खर्च भागिले (वाढीचा दर अधिक झीज). समजा खर्च १०० आहे, तो दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत आलाय, तर १०० भागिले ०.२० म्हणजे ५००. पुढच्या वर्षी ५०० चे उरले ४२५, त्यात नवीन खर्च १०५, झाले ५३०. बस, फॉर्म्युला खाली ओढत न्या. आकडे मात्र महागाई काढलेले आणि पर्चेसिंग पॉवर पॅरिटीमधले (म्हणजे त्या त्या देशातली स्वस्ताई-महागाई धरून एका चलनात आणलेले) घ्या, नाहीतर चलन घसरलं की संशोधन घसरलं असं दिसेल.

पायरी ४: पेटंट, पण जपून

पेटंट हा फायदा नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात. पेटंट म्हणजे मधला टप्पा, शोध आणि पैसा यांच्या मधला. चीनच्या पेटंट ऑफिसकडे वर्षाला १६ लाखांच्या वर अर्ज येतात, अमेरिकेत सहा लाखांच्या आसपास, याचा अर्थ चीन अडीच पट कल्पक आहे असा होत नाही. तिथं कित्येक वर्षं अर्ज केला की स्थानिक सरकारकडून अनुदान मिळायचं, मग अर्जांची खोगीरभरती होणारच, आणि हे तिथल्याच सरकारच्या लक्षात आलं म्हणून २०२१ मध्ये त्यांनी २०२५ पर्यंत ही अनुदानं बंद करायचं ठरवलं.

मोजायचंच असेल तर एकच शोध युरोप, जपान आणि अमेरिका तिन्हीकडे नोंदवलाय अशी पेटंटं मोजा, त्याला ट्रायाडिक फॅमिली म्हणतात. तीन ठिकाणी फी आणि वकील परवडतो म्हणजे मालकाला त्यात काहीतरी दम वाटतोय. पण तेही मधल्याच कॉलममध्ये.

पायरी ५: फायदा कुठं दिसतो आणि कुठं नुसता भास होतो

खरी मेख इथं आहे. चार आकडे घ्या आणि प्रत्येकाकडे संशयानं बघा.

रॉयल्टी आणि लायसन्सची जमा. वर्ल्ड बँकेकडे देशाला बौद्धिक संपदेच्या वापरापोटी किती मिळाले आणि किती द्यावे लागले असे दोन वेगळे आकडे असतात. दोन्ही घ्या. जमेत अमेरिका सगळ्यात पुढे आहे, ते अपेक्षितच. पण देण्यात जगात सगळ्यात पुढे कोण असेल? आयर्लंड. पन्नास-पंचावन्न लाख लोकांचा देश दरवर्षी शंभर अब्ज डॉलरच्या वर रॉयल्टी बाहेर पाठवतो. आयरिश लोक एवढे पेटंट वापरतात म्हणून नाही, तर मोठमोठ्या टेक आणि औषध कंपन्यांचे जगभरातले व्यवहार टॅक्स वाचवायला तिथून फिरवले जातात म्हणून. म्हणजे हा आकडा बऱ्याच देशांत टॅक्सची कहाणी सांगतो.

हायटेक निर्यात. हा आकडा दिसतो देखणा पण सगळ्यात जास्त फसवतो. २००९ च्या आयफोनचं उदाहरण आता जुनं झालं पण अजूनही याच्याइतकं स्वच्छ दुसरं नाही. एका फोनचा बनवण्याचा खर्च १७८.९६ डॉलर, त्यात चीनमध्ये झालेल्या जोडणीचा वाटा फक्त ६.५० डॉलर. महत्त्वाचे पार्ट जपान, जर्मनी, कोरियातून आलेले. पण फोन चीनच्या बंदरातून अमेरिकेला गेला की निर्यातीच्या खात्यात चीनच्या नावावर पूर्ण १७८.९६ लागले. असं हजारो वस्तूंबाबत होतं. (आज तिथं बरेच पार्टही बनतात, त्यामुळं चीनचा वाटा वाढलाय, पण मोजण्यातली अडचण तीच.) उपाय आहे, ओईसीडीनं २०१३ पासून ट्रेड इन व्हॅल्यू ॲडेड नावाचा डेटा द्यायला सुरुवात केली, त्यात कोणत्या देशानं स्वतः किती मूल्य घातलं तेवढंच धरतात. निर्यात वापरायची असेल तर हाच वापरा. आणि हायटेक निर्यातीत फक्त वस्तू येतात हेही विसरू नका, भारतासारखा देश जो सॉफ्टवेअर आणि सेवा विकतो तो या आकड्यात जवळजवळ गायबच होतो.

मग टीएफपी, म्हणजे टोटल फॅक्टर प्रॉडक्टिव्हिटी. यंत्रं वाढवून आणि माणसं वाढवून जी वाढ समजावता येत नाही ती उरलेली वाढ. गणित असं: समजा एका देशाचं उत्पादन ५ टक्क्यांनी वाढलं, भांडवल ६ टक्क्यांनी आणि कामगार १ टक्क्यानं. उत्पन्नात भांडवलाचा वाटा ०.३५ धरला तर भांडवलामुळं झालेली वाढ २.१, कामगारांमुळं ०.६५, दोन्ही मिळून २.७५. पाचातून ते वजा केले तर उरले २.२५, हे टीएफपी. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलोनं १९५७ मध्ये अमेरिकेच्या १९०९ ते १९४९ च्या आकड्यांवर हेच केलं आणि दर कामगार-तासामागच्या वाढीतला आठपैकी सात भाग या "उरलेल्या"मध्ये सापडला, सगळे चाट पडले. त्याच्या एक वर्ष आधीच दुसरा अर्थतज्ज्ञ मोझेस अब्रामोविट्झनं या उरलेल्या भागाला आपल्या अज्ञानाचं माप म्हटलं होतं आणि ते आजही खरंय, कारण यात इनोव्हेशनबरोबर चांगलं मॅनेजमेंट, सुधारलेले रस्ते, मोजणीतल्या चुका सगळंच येतं. मंदीत कारखाने अर्धे बंद असले की टीएफपी आपटतं, तेव्हा काही कोणाचं ज्ञान कमी झालेलं नसतं. म्हणून एका वर्षाचं टीएफपी कधीच घेऊ नका, दहा वर्षांची सरासरी घ्या. पेन वर्ल्ड टेबल नावाच्या देशोदेशींच्या आकड्यांच्या फुकट डेटाबेसमध्ये तयार मिळतं, स्वतः काढायची गरज नाही, पण एकदा हातानं काढून बघा म्हणजे आत काय आहे ते कळतं.

आणि चौथा आकडा, देशाचं उत्पन्न. जीडीपी घ्यायचा का जीएनआय, म्हणजे देशात झालेलं उत्पादन घ्यायचं का देशातल्या लोकांच्या आणि कंपन्यांच्या हाती आलेलं उत्पन्न? पुन्हा आयर्लंडकडेच जावं लागतं. जुलै २०१६ मध्ये त्यांच्या सांख्यिकी खात्यानं जाहीर केलं की २०१५ मध्ये जीडीपी २६ टक्क्यांनी वाढला. एका वर्षात! नवीन कारखाने उभे राहिले नव्हते की लोकांचे पगार सव्वापट झाले नव्हते, काही मल्टिनॅशनल कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिकडे हलवली होती, तेवढंच. शेवटी त्याच खात्यानं २०१७ मध्ये स्वतःच एक वेगळं माप काढलं, सुधारित जीएनआय, ज्यात ही हलवाहलवी बाजूला काढतात, आणि ते अलीकडे जीडीपीच्या निम्म्याहून थोडंच जास्त भरतं. आता गंमत बघा, आयर्लंडचा आर अँड डी खर्च जीडीपीच्या १ टक्क्याच्या आसपास. कोणी "कमी खर्चात प्रचंड उत्पन्न" असा रेशो काढला तर आयर्लंड जगात भारी ठरणार. सुधारित जीएनआयनं भागलं की तीच गोष्ट बरीच सामान्य दिसते. एक भाजक बदलला आणि सगळं मुसळ केरात. त्यामुळं जिथं जीडीपी आणि जीएनआयमध्ये मोठी तफावत दिसेल तिथं जीएनआय घ्या आणि त्या देशासमोर लाल खूण करा.

अजून एक बारीक पण त्रासदायक गोष्ट. राष्ट्रीय उत्पन्न मोजायच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आर अँड डी खर्च हा स्वतःच गुंतवणूक म्हणून जीडीपीत धरतात, अमेरिकेनं हे २०१३ पासून केलं. म्हणजे खर्च वाढवला की जीडीपी तेवढ्यापुरता आपोआप वाढतो. इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे तोच पैसा.

पायरी ६: मधे किती वर्षं सोडायची

या वर्षीचा खर्च आणि याच वर्षीचा फायदा शेजारी ठेवणं ही सगळ्यात कॉमन चूक. लिथियम आयन बॅटरीचा प्रवास बघा. १९८० मध्ये ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफच्या टीमनं कोबाल्ट ऑक्साइडचं इलेक्ट्रोड शोधलं, १९८५ मध्ये जपानात असाही कासेईमध्ये अकिरा योशिनोनं वापरण्याजोगी बॅटरी बनवली, १९९१ मध्ये सोनीनं बाजारात आणली, आणि आज जगातल्या बॅटरी सेलपैकी बहुतांश चीनमध्ये बनतात. २०१९ चं नोबेल गुडइनफ, योशिनो आणि त्यांच्या आधी याच बॅटरीवर काम केलेल्या व्हिटिंगहॅमला मिळालं. यात ब्रिटनला काय मिळालं? मान मिळाला म्हणा. पाच वर्षांचा लॅग, म्हणजे खर्च आणि फायदा यांच्यातलं अंतर, लावला असता तर कोणालाच काही मिळालेलं दिसलं नसतं, आणि पंचवीसचा लावला असता तर शोध लावणारा देश आणि कमावणारा देश वेगळे निघाले असते.

मी सहसा इनपुटची सरासरी एका पाच-सात वर्षांच्या तुकड्याची घेतो आणि आउटपुट साधारण दहा वर्षांनंतरच्या तुकड्याचं, मग लॅग पाच आणि पंधरा करून पुन्हा बघतो. २०२० आणि २०२१ शक्यतो वगळा, कोविडमुळं ते आकडे कशाचंच प्रतिनिधित्व करत नाहीत.

याच उदाहरणातून पुढचा कॉलम निघतो, तो म्हणजे उसनं घेतलेलं तंत्रज्ञान. अर्थतज्ज्ञ वोल्फगांग केलरनं २००४ मध्ये मांडलं होतं की बहुतेक देशांच्या उत्पादकता वाढीत ९० टक्के किंवा जास्त वाटा परदेशातून आलेल्या तंत्रज्ञानाचा असतो. म्हणजे लहान देशाचं यश हे शोध लावण्यापेक्षा शोध उचलण्यात असू शकतं. यंत्रसामग्रीची आयात आणि कंपन्यांचं डिजिटल वापराचं प्रमाण असे एक-दोन आकडे इनपुटला जोडा, नाहीतर असे देश जादूगार वाटायला लागतील.

पायरी ७: सगळं एकत्र कसं आणायचं

सोपा मार्ग म्हणजे आउटपुट भागिले इनपुट. ग्लोबल इनोव्हेशन इंडेक्सवाले काही वर्षं असा एफिशियन्सी रेशो छापायचेसुद्धा, नंतर बंद केला, आणि बरं झालं. ज्यांचं इनपुटच नगण्य आहे असे देश त्यात वर येतात, थोडं काही निर्यात केलं की रेशो आकाशात.

दुसरा मार्ग डीईए, म्हणजे डेटा एनव्हलपमेंट ॲनालिसिस, १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी काढलेला. सगळ्यात चांगली कामगिरी करणाऱ्या देशांची एक सीमारेषा काढतात आणि बाकीचे तिच्यापासून किती लांब आहेत ते मोजतात. छान पद्धत आहे, पण देश आठ आणि आकडे सहा असं केलं तर जवळजवळ सगळेच शंभर टक्के कार्यक्षम निघतात. देशांची संख्या इनपुट-आउटपुटच्या एकूण संख्येच्या किमान तिप्पट ठेवा, वीस-पंचवीस देश म्हटलं ते याचसाठी.

मला तिसरा मार्ग आवडतो. दरडोई उत्पन्न आणि आर अँड डीचा साठा यांवरून साधं रिग्रेशन लावा (सगळ्या देशांच्या आकड्यांना सगळ्यात जवळून जाणारी रेषा काढा), म्हणजे अशा देशाकडून किती आउटपुट अपेक्षित आहे ते येईल, आणि प्रत्यक्ष आकडा त्याच्या वर आहे का खाली ते बघा. स्प्रेडशीटमध्ये दोन मिनिटांत होतं आणि समोरच्याला समजावता येतं. इंडेक्सवालेही साधारण असंच काहीतरी करतात, स्कोअर विरुद्ध दरडोई उत्पन्न, आणि त्यात भारत आणि व्हिएतनाम वर्षानुवर्षं अपेक्षेपेक्षा वर दिसत आलेत. फक्त त्यांचा स्कोअर इनपुट धरून असतो, तुम्ही फक्त आउटपुट घ्या.

आकडे एका मापात आणायला, किंमत वजा किमान भागिले (कमाल वजा किमान) एवढं पुरतं. एखादा देश एकटाच फार पुढे असेल तर बाकी सगळे शून्याजवळ चिकटतात, तिथं आधी लॉग घ्या.

पायरी ८: निकाल टिकतो का

आता स्वतःच्या निकालावर हल्ला करा. भार बदला, एकेक आकडा काढून बघा, लॅग बदला, जीडीपीच्या जागी जीएनआय घाला. प्रत्येक वेळी देशाचा नंबर लिहून ठेवा. जो देश चौथा ते सहावा यातच फिरतो त्याच्याबद्दल बोलता येतं, जो तिसरा ते सतरावा असा उड्या मारतो त्याच्याबद्दल गप्प बसा. रँक एक आकडा म्हणून देऊच नका, "४ ते ६" असंच लिहा.

मग एका कंपनीवर उभा असलेला देश आहे का ते तपासा. फिनलंडचा आर अँड डी २००९ मध्ये जीडीपीच्या ३.७ टक्के होता, जगात अगदी वरच्या रांगेत, आणि त्यात नोकियाचा वाटा प्रचंड. फोनचा धंदा बसला आणि २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं देशाची अर्थव्यवस्था आकसली. देश तोच, विद्यापीठं तीच, इंजिनियर तेच. डेन्मार्कमध्ये सध्या औषध उद्योगाचा भार एवढा आहे की तिथलं सांख्यिकी खातं औषध उद्योग वगळून वाढ किती तेही वेगळं सांगतं. तुम्हीही जमेल तिथं सगळ्यात मोठा उद्योग काढून एकदा आकडे मांडा.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण करा: प्रत्येक कॉलमच्या वर डेटा कुठून घेतला, कुठली आवृत्ती आणि डाउनलोडची तारीख टाका. पेन वर्ल्ड टेबलची नवीन आवृत्ती आली की जुन्या वर्षांचे आकडेसुद्धा बदलतात, राष्ट्रीय उत्पन्नाचे तर दरवर्षी सुधारतात, आणि सहा महिन्यांनी कोणी विचारलं की तुझा कोरिया माझ्यापेक्षा दोन नंबर खाली कसा, तर आधी ती तारीख बघावी लागते.